आत्याची चौथी

माझी आत्या चौथी सहा वेळा शिकली आणि सहाही वेळा पास झाली. हे असं एका दमात सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं माझीच जीभ घसरली. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझे आजोबा पाण्याच्या टाक्या बांधणाऱ्या एका कंपनीत मुकादम होते. उंच खांबांवर बसवलेल्या गोल टाक्या, ज्यांच्यावर चढायला लोखंडी शिडी असते आणि जिच्यावर मुलांनी चढू नये म्हणून खालच्या पाच पायऱ्या कापलेल्या असतात. एक टाकी उभी राहायला बरोबर वर्ष लागायचं. देशात प्रांत सहा, आणि एका प्रांतात टाकी झाली की शेजारचा प्रांत लगेच अर्ज करायचा, त्यामुळे आजोबांचा संसार दर वर्षी उचलून पुढच्या प्रांतात जायचा. एक ट्रंक, दोन वळकट्या, स्टोव्ह, आजी, आत्या आणि आत्याहून पाच वर्षांनी लहान असलेले माझे बाबा.

आत्याची शाळेची पहिली तीन वर्षं एकाच गावात गेली. तिथली टाकी तीनदा गळली होती. चौथीही तिने तिथेच केली, वर्गात दुसरी आली आणि दाखल्यावर लाल शाईने ‘चौथी उत्तीर्ण’ असं लिहून घेऊन ती दुसऱ्या प्रांतात गेली.

दुसऱ्या प्रांतातल्या हेडमास्तरांनी दाखला वाचला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “हिला चौथीत बसवा.”

“अहो सर, चौथी झालीय तिची,” आजी म्हणाली.

“झाली असेल. पण आमच्याकडे पहिलीच्या आधी शून्यावी असते. हिची चार वर्षं झालीत ना? म्हणजे शून्यावी, पहिली, दुसरी, तिसरी. आता चौथी.”

आजीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांना खांब मोजायची सवय. त्यांनीही बोटांवर मोजलं आणि हिशोब बरोबर निघाला. आत्या चौथीत बसली. बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते, ते शून्यावीत बसले. दोघंही पास झाली.

तिसऱ्या प्रांतात चौथीला प्रांताची मोठी परीक्षा असायची, आणि त्या परीक्षेचं प्रमाणपत्र नसेल तर पाचवीच्या वर्गाच्या दारातसुद्धा उभं राहू देत नसत. आत्याकडे चौथीचे दोन दाखले होते. मास्तरांनी दोन्ही हातात घेऊन तोलून पाहिले. “दोन आहेत हे चांगलंच आहे,” ते म्हणाले, “पण आमचा एकही नाही.” तिने तिसऱ्यांदा चौथी केली. प्रांतात तिचा एकशे चौदावा नंबर आला आणि बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली.

चौथ्या प्रांतात मात्र कोणी हरकत घेतली नाही. तिथले हेडमास्तर फार सज्जन होते. त्यांनी तिन्ही दाखले पाहून आत्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “ही मुलगी पाचवीत जायला हवी. फक्त आमच्याकडे पाचवी नाही.” पाचवीपासून पुढची माध्यमिक शाळा मंजूर होती, इमारत झाली होती, फळे टांगले होते, घंटासुद्धा आली होती. पण पाण्याची सोय नसेल तर शाळा उघडायची नाही असा त्या प्रांताचा नियम. आजोबा तिथे जी टाकी बांधायला आले होते ती त्याच शाळेसाठी होती.

आजोबांनी त्या वर्षी जीव तोडून काम केलं. दुपारची विश्रांतीही घेईनात. आत्याने घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून तोवर चौथीत नाव घातलं. टाकी दहा महिन्यांत पुरी झाली, शाळा उघडली, पाहुणे येऊन नळ सोडून गेले. आणि टाकी पुरी झाली म्हणून आजोबांची बदली झाली. आत्या सांगते की निघताना टेंपो त्या शाळेवरून गेला तेव्हा पाचवीचा वर्ग भरलेला होता, खिडकीतून एक मुलगी पाटीवर थुंकून ती पुसत होती, आणि आजोबांनी मान वळवून दुसरीकडे पाहिलं.

पाचव्या प्रांतात तिची चाचणी घेतली. चार गणितं घातली. चारही बरोबर आली. पण एवढ्या शाळा फिरल्यावर आत्याचा भागाकार एका प्रांताचा, गुणाकार दुसऱ्याचा आणि हातचा लिहायची जागा तिसऱ्याची झाली होती. गणिताच्या बाई बराच वेळ कागद उलटासुलटा करून बघत राहिल्या.

“उत्तर बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे आमच्या प्रांताचं उत्तर नाही.”

आजी एव्हाना वाद घालायची बंद झाली होती. तिने पिशवीतून जुनाच गणवेश काढला, त्याची कड दोन बोटं सोडली आणि आत्याला चौथीत पाठवलं.

सहाव्या प्रांतात जे झालं त्यावर माझा बरीच वर्षं विश्वास नव्हता. बाबांनी स्वतः सांगितलं म्हणून ठेवला. त्या प्रांतात असा नियम होता की एका घरातली दोन मुलं एकाच दिवशी प्रवेशाला आली तर त्यांना एकाच वर्गात बसवावं. नियम जुळ्या मुलांसाठी केला होता, पण तसं लिहायचं राहून गेलं होतं. बाबा तेव्हा चौथीच्या वयाचे, आत्या पंधरा वर्षांची व्हायला आलेली. शाळेच्या कारकुनाने नियमाचं पुस्तक आजोबांसमोर उघडून धरलं.

“मग ह्याला वर घाला तिच्याबरोबर,” आजोबा म्हणाले.

“त्याची चौथी झालेली नाही. तिची झालेली आहे. जे झालं आहे ते परत करता येतं, जे झालेलं नाही ते सोडता येत नाही.”

बहीणभाऊ एका बाकावर बसले. बाबा म्हणतात की ते त्यांच्या शिक्षणाचं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं. मास्तरांनी प्रश्न विचारायच्या आधीच ताईला उत्तर माहीत असायचं, कधी कधी प्रश्नही. एकदा मास्तर आजारी पडले तर शाळेने बदली शिक्षक मागवलाच नाही, नऊ दिवस आत्यानेच वर्ग घेतला. हजेरी घेताना ती स्वतःचं नाव पुकारायची आणि स्वतःच ‘हजर’ म्हणायची. वर्षाअखेरी ती पहिली आली. बाबा बाविसावे आले.

तिथेच आजोबांना टाक्यांच्या देखभालीची कायमची नोकरी मिळाली आणि ट्रंक पलंगाखाली गेली. आता पाचवी हाताशी होती. पण सहाव्या प्रांतात पाचवीला प्रवेश घेताना वय तेराच्या वर चालत नसे, आणि मोठ्या माणसांसाठी बाहेरून परीक्षा द्यायची सोय होती तिला अठरा पूर्ण लागत. आत्या पंधरा वर्षांची. शाळेच्या लेखी ती मूल नव्हती, परीक्षेच्या लेखी मोठी नव्हती. ही तीन वर्षं तिने घरी काढली. गल्लीतली चौथीची मुलं दुपारी पाटी घेऊन तिच्याकडे यायची. ती शिकवायला लागल्यापासून त्या गल्लीत चौथीत कोणी नापास झालं नाही. पाचवीत मात्र पुष्कळ होत.

तिची अठरा वर्षं पूर्ण झाली त्याच महिन्यात बाबांनी रद्दीतून आणलेल्या वर्तमानपत्रात एक जाहिरात निघाली. सहाही प्रांतांतल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या इयत्ता एकमेकींशी जुळवण्यासाठी ‘समकक्षता कार्यालय’ उघडणार होतं. कनिष्ठ लिपिकाची एक जागा होती. पात्रता: नऊ वर्षांचं शालेय शिक्षण, सर्व वर्षं उत्तीर्ण.

आत्याने बोटांवर मोजलं. पहिली, दुसरी, तिसरी आणि सहा चौथ्या.

मुलाखतीला तीन साहेब होते. मधल्या साहेबांनी दाखले टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

“ह्या सगळ्या चौथ्याच आहेत,” ते म्हणाले.

“हो सर.”

“पाचवी कुठे आहे?”

“जाहिरातीत वर्षं विचारलीत सर. इयत्ता विचारलेली नाही.”

तिघांनी जाहिरात पुन्हा वाचली. उजवीकडच्या साहेबांनी वर्षं मोजली, डावीकडच्यांनी ती पुन्हा मोजून पाहिली. नऊ भरली. बाकीचे सगळे उमेदवार एकाच प्रांतात शिकलेले होते, त्यामुळे दुसऱ्या प्रांतात शाळा असते एवढंच त्यांना ऐकून माहीत होतं. आत्याला नोकरी लागली. आजीने त्या दिवशी तो जुना गणवेश उसवून त्याची पायपुसणी केली.

कार्यालय एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. एक लांबट खोली, भिंतीला सहा लोखंडी कपाटं, प्रत्येकावर एका प्रांताचं नाव. दोन टेबलं आणि काचेच्या पार्टिशनमागे साहेब. शेजारचं दार वजनमापं तपासणाऱ्या खात्याचं होतं आणि दोन्ही दारांवरच्या पाट्या सारख्याच रंगाच्या होत्या, त्यामुळे दुकानदार चुकून आत्याकडे यायचे. एक जण दोन किलोचं वजन मांडीवर घेऊन अर्धा तास तिच्यासमोर बसला होता आणि उठताना म्हणाला होता की इथली माणसं फार चौकशी करतात.

आत्याने आठ महिने खपून एक तक्ता तयार केला. उभे सहा रकाने, आडव्या ओळी. कुठल्या प्रांतातली कितवी म्हणजे कुठल्या प्रांतातली कितवी, ते बोट ठेवून वाचता येत होतं. साहेबांनी तो सहाही प्रांतांकडे मंजुरीला पाठवला. प्रत्येक प्रांताने आपला रकाना तेवढा मंजूर केला आणि बाकीचे पाच आपल्या अधिकारात येत नाहीत असं कळवलं. एका प्रांताने तर आपला रकाना शेवटी का, असंही विचारलं. साहेबांनी रकान्यांची जागा बदलून तक्ता परत पाठवला. मग दुसऱ्या प्रांताने विचारलं. असं करत तो तक्ता फिरत राहिला.

इकडे लोक यायला लागले होते. कोणाची बदली झालेली, कोणी माहेरी परतलेली, कोणाचा कारखाना हललेला. बरोबर दाखला आणि एक रडवेलं मूल. आत्या साहेबांकडे गेली.

“सर, तक्ता येईपर्यंत या मुलांचं काय करायचं?”

“तक्ता आल्याशिवाय काही करता येत नाही.”

“एखादं पत्र देऊ का? या मुलाला अमुक वर्गात बसवावं, असं.”

“तसा नियम नाही.”

“देऊ नये, असाही नाही सर.”

साहेब विचारात पडले. त्यांनी चहा पूर्ण संपवला, कप बशीत उपडा ठेवला आणि म्हणाले, “मग मी जागेवर नसताना देत जा.”

साहेब एक ते तीन जेवायला घरी जात. त्या दोन तासांत आत्या पत्रं द्यायची. मुलाला समोर स्टुलावर बसवायची, दाखला बाजूला ठेवायची आणि त्यालाच विचारायची की शेवटचा धडा कोणता झाला, बाई कुठपर्यंत आल्या होत्या, पाढे कितीपर्यंत. कपाटं उघडायची गरज तिला सहसा पडत नसे. पत्राखाली सही करायची, ‘कनिष्ठ लिपिक’ असं लिहायची आणि शिक्का मारायची. असं पत्र कुठल्याच शाळेने आधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते नाकारायचं कसं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मुलं वर्गात बसायला लागली.

या दरम्यान तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. पाहुणे विचारायचे, “शिक्षण किती झालंय?” आजी म्हणायची, “चौथी.” पाहुण्यांचे चेहरे पडायचे, मग आजोबा सावरून घ्यायला जायचे, “पण सहा वेळा.” त्यावर पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. शेवटी कार्यालयातले टाइपरायटर दुरुस्त करायला येणारे गृहस्थ एका दुपारी ‘र’ची कळ बसवता बसवता म्हणाले, “तुम्हाला एक विचारू? सहांपैकी कुठली चौथी सगळ्यात अवघड होती?”

हे तिला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. तिने पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाली, “चौथ्या प्रांतातली. समोर पाचवी बांधून उभी होती.” ते गृहस्थ माझे आतोबा झाले.

वीस वर्षं अशी गेली. मग मुख्य लिपिकाची जागा निघाली. त्या जागेवर हक्क आत्याचाच होता, पण नियमात लिहिलं होतं: किमान पाचवी उत्तीर्ण. नवे साहेब अवघडून गेले. “तुम्ही बाहेरून परीक्षा देऊन टाका,” ते म्हणाले. “तुम्हाला काय अवघड आहे.”

आत्या शाळेत फॉर्म भरायला गेली. खिडकीवरच्या कारकुनाने चौथीचा दाखला मागितला. तिने सहाही पुढे सरकवले.

“यातला खरा कोणता?”

“सगळेच खरे आहेत.”

“एका माणसाला चौथी एकच असते बाई. असं करा, समकक्षता कार्यालयातून पत्र आणा. ते सांगतील तुमची चौथी कोणती ते.”

आत्या परत आली. स्वतःसाठी पत्र तिने स्वतःच लिहिलं, पण स्वतःच्याच पत्रावर सही करणं तिला बरं वाटेना. ती साहेबांकडे घेऊन गेली. वीस वर्षांत कार्यालयातून बाहेर गेलेलं एकही पत्र जुन्या साहेबांनी पाहिलेलं नव्हतं, नव्यांनीही नाही. “सही कुठे करायची असते?” त्यांनी विचारलं. तिने बोट ठेवून दाखवलं.

परीक्षेला ती वर्गात शिरली तशा देखरेखीच्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं तपासणी आली. आत्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसली तेव्हा त्यांना स्वतःलाच परत बसावं की नाही ते कळेना. शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. तिने आत्याकडे नीट पाहून घेतलं आणि आपला खोडरबर दोघींच्या मध्ये ठेवला.

सगळे पेपर बरे गेले. सामान्यज्ञानात मात्र एका गुणाचा एक प्रश्न होता: प्राथमिक शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत असते? आत्या लिहायला लागली. शून्यावीपासून सुरुवात केली. एकेका प्रांताचं लिहिता लिहिता दोन पानं भरली, तिने पुरवणी मागितली, कोपऱ्यात लहानसा तक्ताही काढला. घंटा झाली तेव्हा पुढचे चार प्रश्न कोरे होते. त्या एका विषयात ती नापास झाली. पेपर परत मिळाला त्यावर त्या उत्तराला शून्य होतं आणि शेरा होता, ‘प्रश्न समजून घ्यावा.’

आयुष्यात पहिल्यांदाच ती नापास झाली होती. घरी येऊन तिने पर्स जागेवर ठेवली, पाय धुतले आणि आतोबांना म्हणाली, “पाचवी अवघडच असते हो.”

पुढच्या वर्षी तीच जागा, तीच परीक्षा आणि जवळपास तोच प्रश्न. आतोबांनी महिनाभर तिची तयारी करून घेतली होती. रोज सकाळी दाढी करताना ते आरशातूनच विचारायचे, “प्राथमिक शाळा कितवीपर्यंत?” आणि आत्या काही बोलायला लागली की बोट वर करून म्हणायचे, “एकच शब्द.” या वेळी तिने ‘चौथी’ एवढंच लिहिलं आणि पेपर वेळेआधी देऊन बाहेर आली.

“जमलं?” आतोबांनी फाटकापाशीच विचारलं.

“जमलं,” ती म्हणाली. “पण पाच प्रांत बाहेर उभे राहिल्यासारखे वाटत होते.”

ती पास झाली आणि मुख्य लिपिक झाली. दुसरं टेबल तिचं झालं, खिडकीजवळचं. मुख्य लिपिकाने पत्रं लिहायची नसतात, कनिष्ठ लिपिकाने लिहिलेली तपासायची असतात. पण तिची जुनी जागा भरायला मंजुरी येईना. दोन महिने ती खिडकीजवळ बसून वाट बघत राहिली आणि दाराबाहेर पालकांची रांग जिन्यापर्यंत गेली. मग तिने आपल्यापुरता उपाय काढला. एक वाजता ती जुन्या टेबलावर जाऊन पत्रं लिहायची. दोन वाजता ती उचलून खिडकीजवळ जायची, चष्मा बदलायची आणि तपासायची. शिपाई सांगायचा की एका टेबलावरच्या बाई हसून बोलतात, दुसऱ्या टेबलावरच्या जरा कडक आहेत, म्हणून काही विचारायचं असेल तर दोनच्या आत विचारून घ्या.

एका दुपारी तिने स्वतःचंच पत्र त्रुटी काढून परत पाठवलं. एका मुलीला तिने सहावीत बसवावं असं लिहिलं होतं. दुसऱ्या टेबलावर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की मुलीने व्याजाचं गणित सांगितलं होतं, आणि त्या प्रांतात व्याज सहावीच्या शेवटी असतं. तिने पत्रावर ‘घाईने लिहिलेले दिसते’ असा शेरा मारला, स्वतःच्या जुन्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि शिपायाला बसस्टँडवर पिटाळलं. मायलेकी बसमध्ये चढल्या होत्या. त्यांना उतरवून परत आणलं.

मुलीची आई घामाघूम झाली होती. “अहो, पत्र तपासून पोस्टाने पाठवते म्हणालात ना? आता बस पण गेली.”

“बसा जरा,” आत्या म्हणाली. “मघाशी माझं चुकलं. बाळ, परत सांग बरं, शेवटचा धडा कोणता झाला?”

मुलीने सांगितलं. तिला सातवी मिळाली. पुढची बस पाच वाजता होती, तोवर त्या दोघी आत्याच्या जुन्या टेबलापाशी बसून राहिल्या आणि आत्याने त्यांच्याबरोबर आपला डबा वाटून खाल्ला.